लष्करी तळाचं सांडपाणी : वॉशिंग रॅम्पपासून नाल्यापर्यंत, कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर

गाड्या धुण्याच्या वॉशिंग रॅम्पचं तेलकट पाणी, रंग काढण्याच्या शेडमधलं क्रोमियम, बॅटरीरूममधलं आम्ल, लंगरचं (जवानांच्या स्वयंपाकघराचं) खरकटं पाणी आणि बॅरेकींचं मैलापाणी. हे सगळं एकाच गटारात सोडायचं, टोकाला एसटीपी (मैलापाणी शुद्धीकरण प्लांट) बांधायचा आणि निर्धास्त व्हायचं, असं बऱ्याच तळांवर चालतं. प्लांट नवा असतो, हवा देणारा ब्लोअर सुरू असतो, लॉगबुक भरलेलं असतं, तरी पाण्याच्या तपासणीचा अहवाल नापास येतो. मग कंत्राटदार बदलतात, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच.

एसटीपी जिवाणूंच्या जिवावर चालतो. जिवाणू मैला खातात; क्रोमियम आणि शिसं खात नाहीत. हे धातू एकतर जिवाणूंना मारतात, नाहीतर गाळात जाऊन बसतात आणि पुढे तो गाळ खत म्हणून बागेत पडतो. त्यामुळे रसायनाचं पाणी जिथं निर्माण होतं तिथंच पकडायचं आणि तिथंच हाताळायचं. खालचे सगळे टप्पे या एका गोष्टीसाठी आहेत. एमईएसचे (लष्कराच्या बांधकाम-देखभाल विभागाचे) जेई म्हणजे कनिष्ठ अभियंते, वर्कशॉपचे जेसीओ (कनिष्ठ अधिकारी) आणि प्लांट चालवणारे ऑपरेटर यांना समोर ठेवून हे लिहिलं आहे.

## पूर्वतयारी : नकाशा, माणसं, आकडे

ड्रॉइंग ऑफिसमधून गटारांचा नकाशा काढा, पण त्यावर विसंबू नका. जुन्या छावण्यांमध्ये पावसाळी गटार, मैल्याची लाइन आणि नंतर कुणीतरी सोयीसाठी जोडलेला पाइप यांची सरमिसळ झालेली असते. मार्च-एप्रिलमध्ये, गटारात पावसाचा थेंब नसताना, नाल्याच्या मुखापासून उलटं वर चालत या. कोरड्या दिवसांत पावसाळी गटार वाहत असेल तर त्यात सांडपाणी आलंय हे नक्की. मग एकेका शेडमध्ये फ्लोरेसिनचा हिरवा रंग टाकून तो कुठल्या चेंबरमध्ये उगवतो ते पाहा. एका वेळी एकाच ठिकाणी रंग टाका आणि लाइन स्वच्छ झाल्यावरच पुढच्या शेडकडे वळा. प्रत्येक चेंबरवर ऑइलपेंटने क्रमांक घाला.

दुसरं काम जबाबदारी लेखी ठरवण्याचं. शेड युनिटची, पाइप एमईएसचा, प्लांट कंत्राटदाराचा, हद्दीबाहेरचा नाला कॅन्टोन्मेंट बोर्डाचा किंवा महापालिकेचा. ‘हा व्हॉल्व्ह कुणाचा’ हा प्रश्न गळतीच्या रात्री विचारायचा नसतो.

तिसरी गोष्ट मैलापाण्याचा अंदाज. माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी धरलं, तर २,००० माणसांचं रोज सुमारे २१६ घनमीटर होतं. पण तळाची लोकसंख्या गावासारखी स्थिर नसते. एक बटालियन फील्ड फायरिंगला गेली की प्लांट उपाशी, परत आली की एकदम तुडुंब. म्हणून किमान आणि कमाल असे दोन्ही आकडे काढा. नुसती सरासरी इथं फसवते.

तपासा : गाड्यांच्या देखभालीचा दिवस बहुधा ठरलेला असतो. रॅम्पच्या पाण्याचं मोजमाप त्याच दिवशी करा. रविवारचा नमुना स्वच्छच येणार.

## टप्पा १ : मर्यादा कोणती लागू होते ते आधी ठरवा

जलप्रदूषण कायदा १९७४ चा आहे आणि त्याच्या कलम २५ नुसार सांडपाणी सोडायला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. ‘आपली हद्द संरक्षण खात्याची आहे’ या समजावर राहू नका. हद्दीतून बाहेर पडणारा नाला पुढे कुणाच्या तरी विहिरीला आणि नदीला मिळतो.

पाणी कुठं जातं यावर मर्यादा ठरते. पर्यावरण संरक्षण नियम १९८६ मधल्या सर्वसाधारण मानकांप्रमाणे नाला किंवा नदीत सोडताना दर लिटरला तेल-ग्रीस १० मिलिग्रॅम, बीओडी (जिवाणूंना मळ खाताना लागणारा ऑक्सिजन) ३०, सीओडी (मळ रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) २५०, तरंगते घन पदार्थ १००, षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) ०.१ आणि शिसं ०.१ मिलिग्रॅम, तर सामू (पीएच) ५.५ ते ९. हेच पाणी टोकाला शुद्धीकरण केंद्र असलेल्या सार्वजनिक मलवाहिनीत जात असेल तर तेल-ग्रीस २० आणि बीओडी ३५० पर्यंत चालतो. बीओडी आपल्याकडे २७ अंश सेल्सिअसला तीन दिवसांचा मोजतात. परदेशी पुस्तकातला पाच दिवसांचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नका.

सावधान : तुमच्या संमतिपत्रात यापेक्षा कडक आकडे लिहिलेले असू शकतात, बीओडीसाठी तर बऱ्याचदा १० असतो. संमतिपत्रातला आकडा अंतिम. त्या पानाची प्रत प्लांटच्या भिंतीवर हवी. फाइल ऑफिसच्या कपाटात आणि ऑपरेटरला मर्यादाच ठाऊक नाही, अशी अवस्था नको.

पातळ करून मर्यादेत बसवणं म्हणजे शुद्धीकरण नव्हे. मुखाजवळ बोअरचं पाणी मिसळणारा पाइप तपासणीला येणाऱ्या माणसाला पहिल्या नजरेत दिसतो.

## टप्पा २ : प्रवाह तोडा

आता प्रत्यक्ष काम. प्रत्येक प्रवाहाला स्वतःची वाट द्या :

- बॅरेकी आणि क्वार्टर्सचं मैलापाणी : थेट एसटीपी.
- लंगर आणि मेस : ग्रीस ट्रॅपमधून एसटीपी. ट्रॅप रोज उघडला जात नसेल तर तो नसल्यात जमा.
- वॉशिंग रॅम्प, एमटी (मोटार ट्रान्सपोर्ट) गॅरेज, इंधन भरण्याची जागा : ऑइल सेपरेटर (तेल वर तरंगवून वेगळं करणारी टाकी).
- रंग काढणं, प्लेटिंग (धातूचा मुलामा), धातूची रासायनिक धुलाई : स्वतंत्र टाकी, एकेका बॅचची प्रक्रिया.
- बॅटरीरूम : आम्लरोधक फरशी आणि बंद खड्डा. गटाराला जोडणीच नको.
- आग विझवण्याचा फेस : बंद साठवण. वाट अशी नाहीच.

दारूगोळा कारखाना किंवा डेपोतलं टीएनटीचं गुलाबी पाणी हा पूर्ण वेगळा विषय आहे. ते सक्रिय कार्बनमधून जातं आणि वापरलेला कार्बनसुद्धा स्फोटक मानून हाताळावा लागतो. ते काम स्फोटकांच्या प्रशिक्षित माणसांचं. या लेखातलं काहीही त्याला लावू नका.

रॅम्पवर छप्पर घाला, हा खर्च सगळ्यात आधी मागा. उघड्या रॅम्पवर जुलैतली एक सर पडली की सेपरेटर उलटा भरून वाहतो आणि वर्षभर साठवलेलं तेल तासाभरात नाल्यात जातं. छप्पर लगेच होत नसेल तर दोन व्हॉल्व्ह बसवा : धुण्याच्या वेळी पाणी सेपरेटरकडे, आणि रॅम्प झाडून-पुसून घेतल्यावरच पावसाचं पाणी पावसाळी गटाराकडे. व्हॉल्व्हच्या दांड्याला रंग द्या आणि कोण फिरवणार त्याचं नाव पाटीवर लिहा.

## टप्पा ३ : पाण्यात जाण्याआधीच अडवा

हा टप्पा स्वस्त आहे, आणि स्वस्त असल्यामुळेच टाळला जातो. गाडीखाली ट्रे ठेवा. सांडलेल्या तेलावर पाइप मारू नका; भुसा टाका, झाडून घ्या आणि तो भुसा घातक कचऱ्याच्या पिंपात भरा. सुटे भाग डिझेलमध्ये धुतले तर ते डिझेल गाळून पुन्हा वापरा, शेवटी वापरलेल्या तेलाच्या पिंपात टाका. जुन्या बॅटऱ्या आम्ल न ओतता, उभ्या ठेवून, नोंदणीकृत पुनर्चक्रीकरणाकडे द्या. ‘वजन कमी होतं’ म्हणून आम्ल ओतून देण्याची सवय जिथं आहे तिथं बॅटरीरूमच्या मागची माती तपासून घ्या.

## टप्पा ४ : प्रत्येक प्रवाहाची स्वतंत्र प्रक्रिया

### तेलकट पाणी

सेपरेटर फक्त सुटं तेल वेगळं करतो. साबणाने दुधाळ झालेलं तेल त्यातून सरळ निघून जातं. कोणतं तेल आहे हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही : काचेच्या पारदर्शक बाटलीत पाणी भरा, अर्धा तास हलवू नका. वर तेलाचा पट्टा आला आणि खाली पाणी निवळलं तर सेपरेटर पुरेल. पाणी पांढुरकंच राहिलं तर आधी साबण बदला. तेलाला झटकन सोडणारे डिटर्जंट मिळतात, खरेदीच्या मागणीत तसं स्पष्ट लिहा. तरीही दुधाळ राहिलं तर तुरटीसारखं रसायन देऊन तेल फोडावं लागेल.

तुरटीची मात्रा अंदाजाने ओतू नका, जार टेस्ट करा. सहा बीकरमध्ये चढत्या मात्रा द्या, मिनिटभर जोरात ढवळा, मग १५-२० मिनिटं अगदी संथ, आणि अर्धा तास स्थिर ठेवा. सगळ्यात कमी मात्रेत ज्या बीकरचं पाणी निवळलं ती तुमची मात्रा. साबण बदलला की चाचणी पुन्हा.

नेहमीच्या दोन चुका. एक, सेपरेटरच्या आधी सेंट्रिफ्युगल पंप बसवणं. पंप तेल-पाणी घुसळून जे वेगळं करायचं तेच एकजीव करतो. पाणी उताराने येऊ द्या. पंप लागलाच तर तो सेपरेटरनंतर. दुसरी, वरचं तेल काढतात पण तळाचा गाळ मोजत नाहीत. गाळ चढला की आतली जागा कमी होते, पाणी घाईने निघतं आणि तेल सोबत नेतं. काठी घालून दर आठवड्याला गाळाची उंची नोंदवा.

### षट्संयुजी क्रोमियम

पिवळट पाणी पाहिलं की सरळ चुना टाकणारे पुष्कळ आहेत. चुन्याने षट्संयुजी क्रोमियम खाली बसत नाही. आधी त्याचं त्रिसंयुजी क्रोमियममध्ये रूपांतर करायचं, मग चुना. क्रम चुकला की सगळी बॅच वाया.

१. टाकीतलं पाणी ढवळत ठेवा. सल्फ्युरिक आम्लाने सामू २ ते ३ दरम्यान आणा. आम्ल पाण्यात सोडायचं, पाणी आम्लात नाही.

२. सोडियम मेटाबायसल्फाइट थोडंथोडं द्या. हिशेबाने १ ग्रॅम षट्संयुजी क्रोमियमला सुमारे २.७५ ग्रॅम लागतं, प्रत्यक्षात त्याहून थोडं जास्त. उदाहरणार्थ, १,००० लिटर टाकीत लिटरला ५० मिलिग्रॅम क्रोमियम असेल तर एकूण ५० ग्रॅम, म्हणजे मेटाबायसल्फाइट १३७ ग्रॅमच्या पुढे. पिवळा रंग जाऊन हिरवट छटा येते.

३. रंगावर भरवसा ठेवू नका. नमुन्याला डायफिनाइलकार्बाझाइडची चाचणी लावा. जांभळी छटा आली तर क्रोमियम शिल्लक आहे, पायरी दोनवर परत जा.

४. चाचणी साफ आली की चुना देऊन सामू ८ ते ९ करा. हिरवट गाळ बसेल. चुन्याचा हात सैल सोडू नका. सामू फार वर गेला तर बसलेला क्रोमियम पुन्हा विरघळू लागतो.

५. वरचं निवळ पाणी तपासून मगच पुढे सोडा. मेटाबायसल्फाइट भरमसाट झालं असेल तर ते एसटीपीतला ऑक्सिजन खातं आणि सीओडीही वाढवतं.

सावधान : पायरी दोनला सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. उघडी हवा, गॉगल, हातमोजे आणि योग्य मास्क नसेल तर काम सुरू करू नका. प्लेटिंगमधलं सायनाइडचं पाणी या टाकीत एक बादलीसुद्धा येता कामा नये. आम्लात सायनाइड पडलं तर हायड्रोजन सायनाइड तयार होतो आणि त्याने माणूस जागीच जातो. सायनाइडची टाकी, पाइप आणि बादल्या वेगळ्या रंगाच्या ठेवा. त्याची प्रक्रिया अल्कधर्मी पाण्यात, सामू १० च्या वर ठेवून, क्लोरीनने होते.

### बॅटरीरूमचं पाणी

खड्ड्यात जमलेलं धुण्याचं पाणी सोडा अॅशने उदासीन करा. फेस येतो, म्हणून हळूहळू. सामू ७ झाला की काम संपलं असं धरू नका, कारण शिसं बसायला सामू ९ च्या आसपास न्यावा लागतो. खाली बसलेला गाळ शिशाचा असतो. तो घातक कचरा.

### आग विझवण्याचा फेस

इथं सर्वाधिक नुकसान अजाणतेपणी होतं. एएफएफएफ या तेलाची आग विझवणाऱ्या फेसात पीएफएएस वर्गातली, फ्लोरिन असलेली रसायनं असतात. ती एसटीपीत तुटत नाहीत, सेपरेटरमध्ये थांबत नाहीत, वर फेस उसळवून दोन्ही बिघडवतात. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या पीझ या जुन्या हवाई तळावरची हेवन विहीर २०१४ मध्ये याच वर्गातलं पीएफओएस सापडल्यामुळे बंद करावी लागली. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने (ईपीए) पिण्याच्या पाण्यात पीएफओएस आणि त्याच वर्गातल्या पीएफओएसाठी प्रत्येकी लिटरला ४ नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. किती सूक्ष्म आकडा आहे पाहा : वर क्रोमियमसाठी आपण मिलिग्रॅममध्ये बोलत होतो, हा त्याच्या दहा लाखाव्या भागातला हिशेब.

म्हणून सराव पाण्यावर किंवा फ्लोरिनविरहित सराव-फेसावर करा. जुन्या साठ्याची पिंपं क्रमांक घालून छपराखाली, बांधाच्या आत ठेवा. मुदत संपली म्हणून गटारात ओतून ‘निकाली काढला’ असा शेरा मारू नका. खऱ्या आगीत वापर झाला तर वाहणारं पाणी मातीचा बांध घालून अडवा आणि टँकरने बंद टाकीत घ्या. असं पाणी सक्रिय कार्बन किंवा आयन एक्सचेंजमधून न्यावं लागतं आणि ते काम बाहेरच्या तज्ज्ञ यंत्रणेचं आहे. फायर टेंडरची टाकी धुतलेलं पाणीही यातच मोडतं, हे हमखास विसरतात.

## टप्पा ५ : एसटीपी जिवंत ठेवा

वरचं सगळं नीट झालं तर एसटीपीचं काम सोपं. इक्वलायझेशन टाकी (कमी-जास्त आवक साठवून समान करणारी) मोठी हवी आणि तिच्यात हवा सुरू हवी, नाहीतर सकाळी पाच ते आठचा लोंढा सरळ आत शिरतो. एरेशन टाकीत (जिथं हवा देऊन जिवाणू जगवतात) विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा.

रसायनाचा धक्का बसल्याची एक खूण ऑपरेटरला शिकवाच : ब्लोअर तितकाच चालू असताना ऑक्सिजनचा आकडा अचानक चढतो. नवखा माणूस खूश होतो. खरं कारण असं की ऑक्सिजन खाणारे जिवाणूच मेलेले असतात. पाठोपाठ वर फेस येतो आणि बाहेरचं पाणी गढूळ होतं. अशा वेळी आवक लगेच इक्वलायझेशन टाकीत अडवा, कोणत्या शेडमधून काय आलं ते चेंबरच्या क्रमांकांवरून मागे शोधत जा, आणि शेजारच्या चांगल्या चालणाऱ्या प्लांटचा सक्रिय (जिवंत जिवाणूंचा) गाळ टँकरने आणून टाका. शेणाचं पाणी ओतण्याची पद्धत आहे, पण प्लांट सावरायला त्याने बराच वेळ लागतो.

युनिट बाहेर जाणार असेल तर ऑपरेटरला आठवडाभर आधी सांगा. आवक घटली की ब्लोअरची वेळ कमी करावी लागते. परतीच्या वेळी ती टप्प्याटप्प्याने वाढवतात. हा एक फोन कुणी करत नाही.

शेवटी क्लोरीन. पाण्याशी अर्धा तास संपर्क हवा. गढूळ पाण्यात ब्लीचिंग पावडर दुप्पट टाकून उपयोग नाही, आधी पाणी निवळवा.

## टप्पा ६ : मोजा, मग नमुना घ्या

मुखावर ९० अंशांचा व्ही-नॉच (प्रवाह मोजण्याची व्ही आकाराच्या खाचेची पट्टी) बसवा. खाचेवर पाण्याची उंची १० सेंटिमीटर असेल तर प्रवाह सेकंदाला साधारण ४.४ लिटर. उंची खाचेच्या तोंडाशी मोजू नका, तिथं पाणी खाली झुकतं. पट्टी मागे, पाण्याच्या उंचीच्या किमान चौपट अंतरावर लावा.

नमुन्यात नापास होण्याचं कारण पुष्कळदा बाटलीत असतं :

- तेल-ग्रीस : रुंद तोंडाची काचेची बाटली, एकाच वेळचा नमुना, आम्लाने सामू २ च्या खाली. नमुना दुसऱ्या बाटलीत ओतायचा नाही, तेल काचेला चिकटतं.
- एकूण धातू : प्लास्टिकची बाटली, नायट्रिक आम्ल.
- षट्संयुजी क्रोमियम : आम्ल अजिबात नाही. थंड ठेवा, लवकर पोचवा.
- बीओडी : बर्फात, ४ अंशांजवळ. गोठवू नका.
- पीएफएएस : पॉलिइथिलीनची बाटली, टेफ्लॉनचं झाकण किंवा नळी जवळसुद्धा नको.

तळाची खास अडचण गेटवर येते. प्रयोगशाळेचा माणूस पासची वाट पाहत दोन तास उभा, आणि परत जाताना बर्फाची पेटी उघडून तपासणी. पास आदल्या दिवशीच करून घ्या, गार्डरूमला बाटल्यांची यादी द्या, नमुना सकाळी घ्या आणि सोबत एक माणूस गेटबाहेर पडेपर्यंत पाठवा. छायाचित्रांना परवानगी नसेल तर नमुन्याची जागा चेंबर क्रमांकाने लिहा.

## टप्पा ७ : गाळ आणि पिंपं

पाणी स्वच्छ झालं म्हणजे विष गाळात आलं. क्रोमियमचा, शिशाचा आणि तेलाचा गाळ तीन वेगळ्या पिंपांत भरा. जागा सिमेंटची, छपराची, बांध घातलेली. घातक कचरा नियम २०१६ प्रमाणे तो ९० दिवसांच्या वर ठेवता येत नाही. मंडळाने अधिकृत केलेल्या केंद्रालाच द्यावा लागतो. महाराष्ट्रात अशी केंद्रं तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत. गाडीबरोबर फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद) जातं. केंद्राने सही करून परत पाठवलेली प्रत आली की नाही हे पाहिल्याशिवाय नोंद बंद करू नका. वार्षिक विवरण फॉर्म ४ मध्ये, ३० जूनपर्यंत.

तपासा : एसटीपीचा गाळ बागेत देण्याआधी त्यातले धातू एकदा तपासून घ्या. प्रवाह तोडण्याआधीच्या वर्षांचा साठलेला गाळ असेल तर तो तपासल्याशिवाय हलवूच नका.

## टप्पा ८ : सांडलं तर

मुखाचा गेट बंद. मग गळतीचं मूळ बंद. मग अडवलेलं पाणी पंपाने टाकीत. तिन्हींचा क्रम हाच, कारण मूळ शोधण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात नाला वाहतो. यासाठी मुखावर हाताने फिरणारा गेट हवा आणि दर महिन्याला तो फिरवून पाहायला हवा. गंजलेला गेट ऐनवेळी हलत नाही. पाणी बाहेर गेलंच तर जलप्रदूषण कायद्याच्या कलम ३१ नुसार मंडळाला तातडीने कळवणं बंधनकारक आहे. नाल्याखालच्या गावातल्या विहिरी आणि गुरांचे पाणवठे कुठं आहेत, त्यांची यादी स्टेशन मुख्यालयाच्या ड्यूटी ऑफिसरकडे आधीच असू द्या.

## टप्पा ९ : बदलीच्या वेळचा चार्ज

दोन-तीन वर्षांत माणसं बदलतात आणि नवा जेई रंगाच्या चाचणीपासून पुन्हा सुरुवात करतो. चार्ज देताना हे द्या : दुरुस्त केलेला गटारांचा नकाशा, चेंबर क्रमांकांची यादी, व्हॉल्व्हच्या किल्ल्या, संमतिपत्र आणि त्याची मुदत, प्रत्येक साबण-रसायनाची जार टेस्टमधून ठरलेली मात्रा, मॅनिफेस्टची फाइल, आणि फेसाच्या पिंपांची मोजणी. पिंपं दोघांनी मिळून प्रत्यक्ष मोजा आणि रजिस्टरवर दोघांनीही सही करा.